साबणाच्या कारखान्यातले गालिचे : साव्होन्री, ओब्युसाँ आणि त्यामागचे हात

निळाई

गोबलँ या फ्रेंच सरकारच्या जुन्या विणकाम कारखान्यासमोरून मी कित्येक वर्षं बसने जाते-येते. पॅरिसच्या तेराव्या विभागातली ही इमारत बाहेरून एखाद्या जुन्या कचेरीसारखी दिसते. गेल्या महिन्यात पहिल्यांदा आत जाऊन फेरी केली आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. एका उंच मागापुढे बाकावर तिघी जणी ओळीने बसल्या होत्या. समोर वरपर्यंत ताणलेला उभ्या धाग्यांचा पडदा आणि त्याच्या तळाशी हातभर विणून झालेला गालिचा. अर्धा तास तिथे उभी होते. तेवढ्या वेळात किती विणलं गेलं म्हणाल, तर माझ्या डोळ्यांना फरक दिसला नाही.

या विभागाचं नाव साव्होन्री. फ्रेंचमध्ये 'साव्हाँ' म्हणजे साबण, आणि साव्होन्री म्हणजे साबणाचा कारखाना. (आपला 'साबण' आणि त्यांचा 'साव्हाँ' मुळात एकच.) जगातल्या सर्वांत राजेशाही गालिच्यांना हे नाव कसं पडलं, हे शोधता शोधता बरंच वाचलं. ते इथे मांडते.

सोळाव्या शतकात फ्रान्समधल्या श्रीमंतांच्या घरी गालिचे यायचे ते तुर्कस्तान आणि इराणकडून. त्यावर देशाचा बक्कळ पैसा बाहेर जायचा. आन्री चौथा या राजाला ते खटकत होतं. रेशीम, काच, गालिचे, जे जे बाहेरून येतं ते घरीच करायचं, असा त्याचा धोरणी विचार. त्याने लूव्र राजवाड्याच्या लांब दालनाखालच्या गाळ्यांत कारागीर वसवले. त्यात प्येर द्युपाँ होता. १६०८ साली राजाने त्याला तुर्की पद्धतीचे गालिचे विणायची सनद दिली. पुढे १६३२ मध्ये द्युपाँने या कलेवर चक्क पुस्तक लिहिलं. विणकर स्वतःच्या कामावर लिहितो, हे त्या काळी किती विरळा!

द्युपाँच्या हाताखाली सिमाँ लूर्दे शिकला. सेन नदीच्या काठी शायो नावाच्या गावात (आता तो पॅरिसचाच भाग आहे) एक बंद पडलेला साबणाचा कारखाना होता. राणी मारी द मेदिचीने तिथे अनाथ मुलांसाठी आश्रम काढला होता. १६२७ साली त्याच वास्तूत विणकाम सुरू झालं आणि आश्रमातली मुलं शिकाऊ म्हणून मागावर बसली. गुरु-शिष्यांचं मात्र पुढे बिनसलं. द्युपाँ लूव्रमध्ये, लूर्दे शायोला, आणि दोन्ही घराण्यांचा वाद पुढच्या पिढीपर्यंत चालला. तरी नाव चिकटलं ते शायोचंच. आज त्या जागी पाले द तोक्यो हे कलादालन उभं आहे.

खरा बहर आला तो चौदाव्या लुईच्या काळात. त्याचा मंत्री कोलबेर याने १६६३ मध्ये साव्होन्रीची घडी नव्याने बसवली आणि आराखड्यांची सूत्रं राजाचा मुख्य चित्रकार शार्ल ल ब्रँ याच्याकडे दिली. आधी लूव्रच्या अपोलो दालनासाठी १३ गालिचे झाले. मग सेन नदीकाठच्या भव्य दालनाचं काम आलं. हे दालन चारशे मीटरहून लांब. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीन झाकायची म्हणून आखले ९३ गालिचे, प्रत्येक साधारण नऊ मीटर लांबीचा. गडद, जवळजवळ काळ्या जमिनीवर अकँथसच्या पानांच्या जाडजूड वेली, मधोमध राजमुकुट, सूर्य, लिलीची फुलं, शस्त्रांचे झुबके, टोकांना छोटी निसर्गदृश्यं. वर छत रंगवलेलं, खाली तेच रंग लोकरीत.

आणि ते सगळे एकत्र कधीही अंथरले गेले नाहीत. वीसेक वर्षं विणकाम चाललं, तोवर १६८२ मध्ये राजाने बिऱ्हाड व्हर्सायला हलवलं. ज्या दालनाच्या मापाने प्रत्येक गालिचा बेतला होता, ते दालनच मागे राहिलं. फेरीत हे ऐकलं तेव्हा पोटात कालवलं.

तंत्राबद्दल, आणि ओब्युसाँ या गालिच्यांच्या दुसऱ्या फ्रेंच गावाबद्दल प्रतिसादांत लिहीन. कोणी हे गालिचे पाहिले असतील तर जरूर सांगा.

---

भटकी

सुरेख लिहिलं आहेस गं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात फ्रेंच दालनांत यातले गालिचे पाहिलेत मी! दोरीच्या अलीकडून पाहायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा सगळं लक्ष खुर्च्या, कपाटं आणि झुंबरांकडे. खाली पाहिलं ते परत फिरताना. अंगावर काटा आला होता. काळा रंग इतका खोल की वेली वर उचलून आल्यासारख्या वाटतात.

एक विचारायचं होतं. यांवर खरंच पाय ठेवत असत का? आणि ९३ पैकी बाकीचे गेले कुठे?

---

निळाई

भटकी, ठेवत असत, पण रोज नव्हे. राजाच्या सामानाच्या कोठारात ते गुंडाळून असायचे आणि सोहळ्यापुरते बाहेर निघायचे. म्हणून तर रंग इतके टिकले.

राज्यक्रांतीनंतर त्यांचे हाल झाले. मुकुट आणि लिली ही राजसत्तेची चिन्हं, त्यामुळे काही गालिच्यांतून ती कापून काढली गेली. पुढे सरकारची तिजोरी रिकामी झाली तेव्हा ज्यांचं देणं होतं त्यांना पैशाऐवजी गालिचे दिले. तिथून ते व्यापाऱ्यांकडे, मग धनिकांकडे, मग संग्रहालयांत गेले. काही फ्रान्सच्या राष्ट्रीय कोठारातच राहिले. इंग्लंडमध्ये रॉथ्सचाइल्ड घराण्याच्या वॉड्सडन वाड्यातही आहेत.

पाय ठेवण्यावरून आठवलं. नोत्र-दाम कॅथेड्रलच्या गाभाऱ्याकडच्या भागासाठी साव्होन्रीने १८२५ ते १८३३ अशी आठ वर्षं एक अवाढव्य गालिचा विणला. तोही मोठ्या सणासमारंभालाच अंथरतात. २०१९ च्या आगीतून तो वाचला, पण पाण्याने भिजला. नंतर त्याची दुरुस्ती झाली.

---

शंकासुर

लेख आवडला. दोन शंका आहेत, राग मानू नका.

पहिली. गाठ तुर्की, कल्पना तुर्की, सनदेतच 'तुर्की पद्धतीचे' म्हटलंय. मग फ्रेंच काय उरलं त्यात? नुसती राजाची मोहोर?

दुसरी जास्त बोचते. अनाथ मुलांना मागावर बसवणं म्हणजे फुकटची मजुरी नव्हे का? आपल्याकडे इंग्रजांनी येरवड्याच्या तुरुंगात कैद्यांकडून गालिचे विणून घेतले, त्यांचं फार कौतुक व्हायचं. विणणाऱ्याचं नाव कुठेच नाही. गालिचा म्हटलं की बिनपैशाचा हात शोधायचा, असं सगळीकडेच दिसतं.

---

निळाई

शंकासुर, राग कसला. दुसरी शंका तर माझीही आहे.

आधी पहिलीचं सांगते. गाठ तुर्कीच आहे, शेजारच्या दोन उभ्या धाग्यांना सारखाच वेढा घेणारी. पण तुर्की किंवा इराणी विणकर साधारणपणे गाठ मारली की तिथल्या तिथे धागा कापतो. साव्होन्रीत कापत नाहीत. तिथे एक बारीक धातूची सळई असते, जिच्या एका टोकाला पातं आहे. गाठ मारायची, धागा सळईवरून घ्यायचा, पुढची गाठ मारायची. असे सळईभर वेढे झाले की ती बाजूला खेचून काढतात, आणि पातं जाता जाता सगळे वेढे कापून टाकतं. एका झटक्यात लव उभी राहते. मग आडवे धागे घालून फणीने ठोकायचे, आणि शेवटी कात्रीने लव सारखी करायची. मी पाहिलेल्या तिघींतल्या एक बाई फुलाच्या पाकळीभोवती कात्री तिरकी धरून कापत होत्या, म्हणजे कड उठून दिसते.

दुसरा फरक नक्षीचा. तुर्की नक्षी पुष्कळदा तोंडपाठ असते, तीच तीच फिरून येते. ल ब्रँच्या गालिच्यात मात्र सावली आहे, उजेड आहे, पानाची वळलेली कड आहे. ते लोकरीतलं चित्र आहे. त्यासाठी चित्रकाराचा कागदी आराखडा चौकटी आखून मागाजवळ टांगायचा, आणि ताण्यातला दर दहावा धागा वेगळ्या रंगाचा ठेवायचा. म्हणजे आराखड्यातली चौकट मागावर कुठे येते ते मोजता येतं. रंगही सरळ नसतो. वेगवेगळ्या छटांचे बारीक धागे एकत्र करून एक धागा बनवतात. लांबून एकच हिरवा दिसतो, जवळ गेलं की त्यात पिवळा, करडा, निळा सापडतो. म्हणून मला ते फ्रेंच वाटतात. हात तुर्की शिकवणीचा, डोळा चित्रकाराचा.

आता मुलांचं. आश्रमात त्यांना जेवण, कपडे आणि हुन्नर मिळत होता हे खरं. रस्त्यावरच्या अनाथाला त्या काळी एवढंही कोणी देत नसे. पण ती निवड त्यांची नव्हती, हेही खरं. द्युपाँचं पुस्तक आहे, लूर्देची सनद आहे, ल ब्रँची रेखाटनं आहेत. नऊ मीटरच्या गालिच्याची प्रत्येक गाठ ज्यांनी मारली त्यांची ओळख गालिच्यावर नाही. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते, आणि हा धागा काढायचं मुख्य कारणही तेच.

---

येवल्याचा

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या पैठणीचा माग आहे. तुमचं वर्णन आईला वाचून दाखवलं. गाठीचं काम आमच्याकडे नाही, त्यामुळे सळईचं ऐकून तिला नवल वाटलं. पण 'लांबून एक रंग, जवळून तीन' म्हटल्यावर हसली. म्हणाली, पदरावरच्या मोराचा गळा तसाच करतात.

तुम्ही ओब्युसाँचं नाव घेतलंत. तिथले सपाट गालिचे म्हणजे आडवा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत न नेता ज्या रंगाची जागा तेवढ्यातच फिरवायचा, असंच ना? मग ते आमचंच काम झालं. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते, आम्ही तिल्ली म्हणतो. एका पदरावर कितीतरी तिल्ल्या लोंबत असतात. दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतो, म्हणून पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. त्यांच्याकडे कसं करतात?

---

निळाई

येवल्याचा, तुमच्या प्रतिसादाने माझा दिवस उजळला. अगदी तेच काम. फरक आहे तो रंगांच्या शिवेवर. ओब्युसाँत जिथे दोन रंग उभ्या रेषेत शेजारी येतात तिथे धागे पुष्कळदा अडकवत नाहीत, आपापल्या हद्दीतून परत फिरतात. त्यामुळे मध्ये बारीक फट राहते. विणून झाल्यावर ती फट सुईने शिवतात. तुमची बाजू इथे वरचढ आहे!

माग तिथे आडवा असतो आणि पावड्या पायाने चालवतात. चित्राचा आराखडा ताण्याच्या खाली ठेवलेला. विणकराला वरून दिसते ती उलटी बाजू. सुलटी कशी उमटतेय हे पाहायला तो खालून छोटा आरसा सरकवतो.

ओब्युसाँ हे क्रोझ नदीकाठचं डोंगराळ भागातलं लहानसं गाव. भिंतीवर टांगायचे चित्रं विणलेले पडदे (टॅपेस्ट्री) तिथे कितीतरी आधीपासून विणत. १६६५ मध्ये त्यांना 'राजकारखाना' ही पदवी मिळाली, पण शायोसारखी एक इमारत तिथे नव्हती. घरोघरी माग होते. मग १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना दिलेलं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. ओब्युसाँचे पुष्कळ विणकर प्रोटेस्टंट होते. कित्येक कुटुंबं माग सोडून जर्मनी आणि स्वित्झर्लंडकडे निघून गेली. ज्या राजाने ९३ गालिच्यांचा ध्यास घेतला, त्याच्याच एका फर्मानाने विणकरांचं गाव ओस पडू लागलं. मला हे क्षमा करण्यासारखं वाटत नाही.

सावरायला त्यांना अर्धं शतक लागलं. १७४३ च्या सुमारास तिथे गालिचेही सुरू झाले. साव्होन्रीचा माल मुख्यतः राजदरबारासाठी, पण पॅरिसच्या सधन घरांनाही तसंच काहीतरी हवं होतं. आधी तुर्की नमुन्यावर गाठीचे गालिचे केले, त्यात बायकांचा हात मोठा होता. पुढे सपाट विणीचे आले. ते हलके, लवकर होणारे, स्वस्त. फिकट गुलाबी, मलई, राखी रंग, मधे फुलांचा गुच्छ. आज 'ओब्युसाँ' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो हाच. नेपोलियनच्या काळात सालांद्रूझ घराण्याने राजवाड्यांना गालिचे पुरवले. २००९ मध्ये युनेस्कोने ओब्युसाँच्या विणकलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

---

जुई

अवांतर नाही, अनुभव सांगते. दुबईत असताना एका दुकानातून 'ओब्युसाँ' म्हणून एक गालिचा घेतला होता. विक्रेत्याने अगदी गावाचं वर्णनसुद्धा केलं. भारतात परत आल्यावर जाणकार मावशींना दाखवला. त्यांनी कोपरा उलटला आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, हा विणलेलाच नाही. जाळीदार कापडावर सुईने भरलेलं भरतकाम आहे. नक्षी ओब्युसाँची, काम दुसरीकडचं. वाईट वाटलं ते पैशांपेक्षा फसवणुकीचं. येवल्याचा यांनी सांगितलेली उलटी बाजू तेव्हा माहीत असती तर!

---

येवल्याचा

जुईताई, हीच तऱ्हा इकडे यंत्रावरच्या पैठणीची. आधी मागची बाजू बघायची. खऱ्या हातविणीत पदराच्या मागे मोकळे धागे लोंबत नाहीत.

---

केमिस्टकाका

रंगांचा विषय निघालाच आहे, तर माझ्या आवडत्या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मिशेल अजेन शव्रल. १८२४ साली तो गोबलँच्या रंगशाळेचा प्रमुख झाला. त्याच दशकात साव्होन्री शायोहून उठून गोबलँच्या आवारात आली.

गोबलँमध्ये तक्रार होती की काळा रंग नीट चढत नाही, निळ्या-जांभळ्याशेजारी फिका पडतो. शव्रलने काळी लोकर तपासली, दुसऱ्या कारखान्यांच्या काळ्याशी ताडून पाहिली. रंगात खोट नव्हती. खोट होती शेजाराची. निळ्याजवळ ठेवलेला काळा डोळ्याला वेगळा दिसतो, पांढऱ्याजवळ वेगळा. यातून त्याने दोन रंग शेजारी आले की एकमेकांना कसे बदलतात याचा नियम मांडला. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ मध्ये आला आणि पुढच्या कित्येक चित्रकारांनी तो अभ्यासला. लोकरीच्या छटा ठरवायला त्याने ७२ रंगांचं चक्र केलं आणि प्रत्येकाच्या फिक्या, गडद, मळकट पायऱ्या धरून चौदा हजारांवर छटांची पद्धत बसवली.

आता साबण. गोबलँला येण्याआधी शव्रलने नाव कमावलं होतं ते चरबीच्या अभ्यासात. चरबी आणि अल्कली मिळून साबण होतो तेव्हा नेमकं काय घडतं, हे त्याने उलगडलं. त्याचा तो ग्रंथ १८२३ चा. म्हणजे साबणाच्या कारखान्यातून निघालेले गालिचे दोनशे वर्षांनी आले ते साबणाचं गुपित सांगणाऱ्याच्या दारी. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, पण हा योग मला निळाईचा लेख वाचतानाच सुचला. शव्रल १०२ वर्षं जगला, १८८९ मध्ये गेला.

---

शंकासुर

काका, हे भन्नाट आहे. काळ्याचं एक विचारू? भटकी म्हणतात काळा खोल दिसतो. इतका जुना काळा टिकला कसा?

---

केमिस्टकाका

सगळीकडे नाही टिकला रे बाबा. जुना काळा-तपकिरी रंग बसवायला लोहाचे क्षार वापरत, आणि लोह हळूहळू लोकर खातं. जुन्या गालिच्यांत पुष्कळदा काळ्या भागाची लव आधी झिजते आणि बाकीचे रंग उंच राहतात. वेली 'उचलून आल्यासारख्या' दिसतात, त्याला थोडाफार हातभार याचाही असतो.

---

थेम्सकाठ

इंग्लंडचा एक धागा जोडतो. १७५० च्या सुमारास साव्होन्रीतले दोन नाराज विणकर लंडनला आले. पारिझो नावाच्या एका फ्रेंच माणसाने त्यांच्यासाठी भांडवल उभं केलं आणि पुढे फुलमला कारखाना चालवला. माल सुंदर पण भलता महाग, त्यामुळे १७५५ मध्ये सगळं विकावं लागलं. मात्र तो बंद होण्याआधी डेव्हनमधल्या ॲक्समिन्स्टर गावचा टॉमस व्हिटी हा कापड विणणारा तिथे येऊन पाहून गेला होता. घरी जाऊन त्याने माग उभारला आणि १७५५ मध्ये पहिला मोठा गालिचा आपल्या मुलींच्या हातून विणवून घेतला. ॲक्समिन्स्टर हे नाव आज गालिच्याच्या जातीचं नाव झालंय. त्या दोघा नाराज विणकरांपर्यंत त्याचं मूळ जातं.

---

निळाई

थेम्सकाठ, फार छान भर घातलीत. आता शेवटची गोष्ट सांगते, जिच्यासाठी मी पुन्हा तिकडे जाणार आहे.

साव्होन्रीचे माग आज दोन ठिकाणी आहेत. एक पॅरिसमध्ये, दुसरे दक्षिणेला लोदेव्ह या गावात. लोदेव्ह हे लोकरीच्या कापडाचं जुनं गाव, सैन्याच्या गणवेशांचं कापड तिथे व्हायचं. तो धंदा बसला. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि फ्रेंच सैन्याच्या बाजूने लढलेल्या अल्जीरियन कुटुंबांना, ज्यांना हार्की म्हणतात, देश सोडावा लागला. फ्रान्सने त्यांना नीट वागवलं नाही, कित्येकांना वर्षानुवर्षं छावण्यांत ठेवलं. त्यातली काही कुटुंबं लोदेव्हला आली. घरच्या बायकांना गाठीचे गालिचे विणता येत होते. त्या कौशल्यावर १९६४ मध्ये तिथे विणशाळा सुरू झाली, आणि दोन वर्षांनी ती राष्ट्रीय कोठाराला जोडली गेली.

शंकासुर, तुमच्या पहिल्या शंकेकडे परत येते. चारशे वर्षांपूर्वी गाठ पूर्वेकडून आली, फ्रेंच झाली. मग पुन्हा भूमध्य समुद्रापलीकडून बायका आल्या आणि त्यांनी तीच गाठ चौदाव्या लुईच्या कारखान्याच्या नावाखाली मारली. आजही तिथलं आणि पॅरिसचं काम विकत मिळत नाही. ते सरकारी मालकीचं असतं आणि राजवाडे, मंत्रालयं, वकिलाती सजवायला जातं. नक्षी आजच्या चित्रकारांची, तंत्र जुनंच.

---

भटकी

लोदेव्हचं वाचून गप्प झाले. जाऊन आलीस की फोटोंसकट वेगळा धागा काढ, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

येवल्याचा

ताई, आईला लोदेव्हपर्यंत सगळं वाचून दाखवलं. तिने एकच विचारलंय. आमचा माग खड्ड्याचा, पाय खाली सोडून बसतो, तरी साठीला कंबर गेली. उभ्या मागापुढे त्या बायका दिवसभर पाठ कशाला टेकतात?

---

निळाई

कशालाच नाही. साधा लाकडी बाक आहे, पाठ मोकळी. मधली बाई दर थोड्या वेळाने उठून मनगटं झटकायची आणि दोन पावलं मागे जाऊन गालिचा पाहायची. मला वाटलं होतं ती रंग पाहतेय. आईंना नमस्कार सांगा. पुढच्या वेळी गेले की तिला विचारीन.